दोन महिन्यांत दुसऱ्यांदा फॅन बेल्ट तुटला, आता तिसराही किरकिरतोय

शाळेच्या_बाई, सातारा
११ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी शाहूपुरीत राहते आणि कासच्या रस्त्यावरच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरापासून शाळा २३ किलोमीटर. यवतेश्वरचा घाट रोज चढायचा, रोज उतरायचा. वाटेतल्या शाळांमधल्या तिघीजणी माझ्याबरोबर असतात, डिझेलचे पैसे आम्ही चौघी वाटून घेतो. गाडी २०११ सालची डिझेल, सात सीटर, तीन वर्षांपूर्वी जुनी घेतलेली. १,४२,००० किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा कंपनीचा दोष आहे असं मला वाटत नाही.

पहिला बेल्ट १८ जूनला तुटला, शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. घाट चढताना बोनेटखाली फटफट असा आवाज आला आणि बॅटरीचा लाल दिवा लागला. मला वाटलं बॅटरीचं काहीतरी असेल, वर यवतेश्वरला पोचून बघू. पण पुढच्याच वळणाला स्टेअरिंग एवढं जड झालं की दोन्ही हातांनी ओढावं लागलं. आणि गरमीचा काटा, जो तीन वर्षांत कधी मधल्या रेघेच्या वर गेला नव्हता, तो डोळ्यांदेखत सरकायला लागला. तेव्हा थांबले. नेहमीच्या गॅरेजवाल्यांनी माणूस पाठवून जागेवरच नवा बेल्ट घातला. जुन्या बेल्टला आडवे तडे गेले होते, ते मला दाखवले. "आता चार वर्षं बघायला नको," म्हणाले.

चार वर्षं राहू द्या, दोन हजार किलोमीटरही धड झाले नाहीत. ७ ऑगस्टला, गुरुवारी, संध्याकाळी सव्वापाचला शाळेतून परत येताना पेट्री गावाच्या अलीकडे तोच फटफट आवाज, तोच लाल दिवा. धुकं असं होतं की समोरच्या गाडीचा दिवा दहा-पंधरा पावलांवर आल्यावरच दिसायचा. यावेळी मी लगेच वेग कमी केला. पण ब्रेकचं जे झालं ते अजून माझ्या पायात आहे. पहिल्यांदा दाबला तेव्हा नेहमीसारखा लागला. दुसऱ्यांदा कडक लागला. तिसऱ्यांदा लाकडाच्या ओंडक्यावर पाय ठेवल्यासारखं वाटलं. पूर्ण जोर लावून, दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेक ओढत गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

जवळच एक चहाची टपरी होती. तिथले दोघे मदतीला आले, त्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांनी सांगितलं, "मॅडम, इथून साताऱ्यापर्यंत उतारच आहे. इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडा, गाडी गरम होणार नाही, समर्थ मंदिरापर्यंत आपोआप जाल." आमच्यातल्या एकीचा लहान मुलगा शेजारी ठेवलेला होता, तिला घाई होती, तिलाही ते पटलं. मी नाही म्हटलं. गाडी टपरीमागच्या मोकळ्या जागेत ढकलून लावली आणि आम्ही बामणोलीहून येणाऱ्या एसटीने खाली आलो. दोन तास उशीर झाला. ती मला काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी गाडीत गप्प होती.

शुक्रवारी त्याच गॅरेजच्या माणसाने येऊन तिसरा बेल्ट घातला. आणि आज सकाळी थंड गाडी चालू केली तर बोनेटखालून चिमणीसारखा चिवचिव आवाज. दुसऱ्या बेल्टलाही शेवटचे पंधरा दिवस असाच आवाज येत होता. तेव्हा गॅरेजमध्ये कसलासा स्प्रे मारून दिला होता.

माझे प्रश्न असे. बेल्ट पुन्हा पुन्हा का तुटतोय? ब्रेकचा आणि या बेल्टचा काय संबंध? उतारावरून गाडी सोडली असती तर चाललं असतं का? हा शेवटचा प्रश्न माझ्यासाठी महत्त्वाचा आहे. मी तिघींना बरोबर घेऊन जाते.

माणदेशी_स्वार
११ ऑगस्ट, रात्री १०:२५

ताई, घाटात असं झालं की छाती दडपते. वडिलांकडे जुनी जीप होती तेव्हा म्हसवडच्या रस्त्यावर फॅन बेल्ट तुटला होता. त्यांनी नायलॉनची दोरी पुलीवर तीन वेढे घालून पक्की गाठ मारली आणि वीसच्या वेगाने सहा-सात किलोमीटर गाडी आणली. मी स्वतः मागे बसलो होतो. ओढणीनेही जमतं म्हणतात. दोरी गाडीत ठेवाच.

निवृत्त_फिटर, मिरज
१२ ऑगस्ट, सकाळी ६:५०

बाई, नमस्कार. मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं फिटर होतो. आता मिरजेत घरीच असतो, सकाळी हे वाचत बसतो. तुमचं लिखाण वाचलं आणि चहा तसाच ठेवून उत्तर लिहायला घेतलं.

पहिलं तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं. तुम्ही गाडी सोडली नाही ते शंभर टक्के बरोबर केलंत. त्या बाईंना माझं नाव सांगू नका, पण हे वाचून दाखवा.

ब्रेक आपण नुसत्या पायाने लावत नाही. मध्ये बूस्टर असतो, ड्रायव्हरच्या समोर बोनेटखाली काळ्या परातीसारखा गोल डबा दिसतो तो. त्यात हवा ओढून पोकळी केलेली असते, तिच्या जोरावर पायाचा दाब कैक पटीने वाढतो. पेट्रोलच्या इंजिनात ही पोकळी इंजिन स्वतःच श्वास घेताना तयार करतं. डिझेल इंजिनाला ते जमत नाही, म्हणून त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. काही गाड्यांत तो कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या आतल्याच एका दांड्यावर असतो. पण तुमच्या गाडीच्या पिढीतल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत तो बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या पाठीवर बसवलेला असतो, त्याच शाफ्टवर. पट्टा तुटला की डायनामो थांबला, डायनामो थांबला की पंप थांबला. बूस्टरमध्ये जेवढी पोकळी शिल्लक आहे तेवढ्यावर दोन-तीन वेळा ब्रेक लागतो, मग लाकूड. तुमचा पाय खोटं बोलत नव्हता.

आता इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडली असती तर? बूस्टर नाही, स्टेअरिंगला मदत नाही, आणि गिअर नाही म्हणजे इंजिन गाडीला मागे धरत नाही. चार माणसं, दीड टनाच्या वर गाडी, ओला रस्ता आणि यवतेश्वरची वळणं. वर कुणी चावी पूर्ण फिरवून काढली तर स्टेअरिंगच लॉक होतं. टपरीवरच्यांनी जे सांगितलं ते मी आयुष्यभर ऐकत आलोय आणि त्याचे शेवटही बघितलेत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

गाडी चालत असतानाच असं झालं तर ब्रेक पंपासारखा मारायचा नाही, प्रत्येक दाबात शिल्लक पोकळी वाया जाते. एकदाच घट्ट दाबायचा आणि धरून ठेवायचा. गिअर खाली आणायचा, हँडब्रेक हळूहळू ओढायचा, चावीला हात लावायचा नाही. थांबल्यावर चाकाखाली दगड. आणि निघताना तो दगड उचलून कडेला टाकायचा, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा विचार करा.

दोरीबद्दल. भावाने सांगितलं ते खरं आहे, पण ते जुन्या व्ही पट्ट्यासाठी. त्या पुलीला खोल खाच असते, दोरी तिच्यात रुतून बसते, आणि दोन-तीन पुल्याच असतात. तुमच्या गाडीला चपटा, उभ्या धारांचा पट्टा असणार, पाच-सहा पुल्यांवरून नागमोडी गेलेला. त्यावर दोरी किंवा ओढणी धरत नाही. सुटली तर पंख्यात जाते आणि बांधणाऱ्याचा हात तिथेच असतो. ते करू नका.

आता पुन्हा पुन्हा का तुटतोय. मला दोन गोष्टी सांगा. तुटलेला दुसरा पट्टा ठेवलाय का? असेल तर त्याच्या दोन्ही कडा बघा, मधल्या धारा बघा, आणि जे दिसतं ते लिहा. आणि दुसरं, तो चिवचिव आवाज पावसात, पाणी उडाल्यावर वाढतो की बंद होतो?

शाळेच्या_बाई, सातारा
१२ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१०

काका, तुमचं उत्तर मी आज मधल्या सुट्टीत तिला वाचून दाखवलं. तिने "परत एकदा वाचा" म्हटलं.

बेल्ट ठेवलाय. गुरुवारी काळोखात हाताला लागला तेवढा गोळा करून पिशवीत टाकला होता. आज धुऊन वर्तमानपत्रावर पसरून नीट बघितला. सहा उभ्या धारा आहेत. मधल्या धारा चांगल्या आहेत, कुठे तडा नाही. पण एका बाजूची कड पूर्ण उसवलीय. जुन्या साडीचा काठ निघायला लागला की जसे दोरे लोंबतात तसे पांढरट दोरे बाहेर आलेत, आणि त्या बाजूची सहावी धार निम्म्या लांबीत गायबच आहे. दुसरी कड सरळ, जणू कात्रीने कापलेली. सगळा मिळून बेल्टाएवढा होत नाही, वीतभर तुकडा कमी वाटतो.

आवाजाचं तुम्ही विचारलंत म्हणून आज मुद्दाम लक्ष ठेवलं. सकाळी चालू करताना चिवचिव. बोगद्याच्या अलीकडे रस्त्यात पाणी साचलं होतं, त्यातून गेल्यावर आवाज एकदम बंद. दोनेक मिनिटांनी पुन्हा सुरू. परत येतानाही तसंच.

एक शंका आणखी. जूनमध्ये काटा वर गेला होता. पाऊण रेघेपर्यंत, लाल पट्टीत नाही. त्याने आत काही बिघडलं असेल का?

निवृत्त_फिटर, मिरज
१२ ऑगस्ट, रात्री ८:३०

शाबास बाई. अर्धं निदान तुम्हीच केलंत.

पट्टा म्हातारा होऊन तुटला तर आडवे तडे दिसतात, तुमच्या पहिल्या पट्ट्यासारखे. ढिला असेल तर धारा घासून चकचकीत होतात, काचेसारख्या. तेल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) पडलं असेल तर रबर फुगतं, मऊ पडतं. आणि एकच कड उसवली असेल तर पट्टा सरळ रेषेत चालत नाही, कुठल्यातरी पुलीची कड त्याला रोज थोडं थोडं कापतेय. पाण्याची परीक्षाही तेच सांगते. ओल्यावर आवाज वाढला तर ताण कमी आहे, पट्टा घसरतोय. ओल्यावर आवाज थांबला आणि वाळल्यावर परत आला तर पुली तिरकी आहे. तुमचा थांबतो.

म्हणजे पहिला पट्टा वयाने गेला, दुसरा दुसऱ्या कारणाने गेला. की पहिल्यालाही तेच कारण होतं आणि तड्यांच्या आड ते दिसलं नाही, हे आता सांगता येणार नाही. गॅरेजवाल्याने पट्टा बदलला, पट्टा ज्यांच्यावर फिरतो त्यांच्याकडे बघितलं नाही. आणि स्प्रे मारला तो तर आजार्‍याचं तोंड दाबल्यासारखं झालं. पट्ट्याला स्प्रे, साबण, खडू, पावडर काही लावायचं नाही.

उद्या कुठल्याही चांगल्या फिटरकडे जा आणि समोर उभ्या राहा. पट्टा उतरवायला सांगा. मग एकेक पुली हाताने फिरवायची: डायनामो, वॉटर पंप, स्टेअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर, मधला रोलर, पट्ट्याला ताण देणाऱ्या टेन्शनरचा रोलर. आवाज न करता गुळगुळीत फिरली पाहिजे. खरखर लागली, अडकली, किंवा धरून हलवल्यावर खुळखुळली तर बेअरिंग गेलं. रोलर नुसता फिरतो म्हणून चांगला असं समजू नका. टेन्शनरचा हात ज्या बुशावर झुलतो तो बुश झिजला की मोकळा असताना रोलर सरळ दिसतो आणि पट्ट्याचा ताण आला की तिरका होतो. तो असाच फसवतो. पट्टा असताना पुल्यांवर लोखंडी पट्टी आडवी धरून बघितलं की फट दिसते.

आणि क्रँकच्या पुलीच्या, म्हणजे इंजिन ज्या पुलीने पट्टा फिरवतं तिच्या मागे टॉर्च मारून बघायला सांगा. वीतभर तुकडा कमी आहे असं तुम्ही लिहिलंत ना, तो कुठेतरी आहे. तिथे गुंडाळून बसला असेल तर ऑइल सील, म्हणजे तेल बाहेर येऊ न देणारी कडी, कापतो. काही इंजिनांत तर असे दोरे टायमिंगच्या कव्हरात ओढले जातात, मग फार मोठं काम निघतं.

जूनचं तापणं. पाऊण रेघेवर थांबवलीत तर बहुतेक वाचलात. तरी खात्री करा. सकाळी थंड गाडीत कूलंटच्या टाकीवरची खूण बघा, आठ दिवसांत खाली गेली का? ऑइलची पट्टी काढून बघा, ऑइल चहात दूध घातल्यासारखं दिसतंय का? गाडी तापल्यावर मागून पांढरा धूर येतच राहतो का? तिन्हीला "नाही" असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं ऑइल आणि पाणी वेगळं ठेवणारी पातळ गादी, बहुतेक शाबूत आहे. रेडिएटरचं झाकण गरम गाडीत कधीच उघडू नका, आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असतं, अंगावर येतं.

हळद_नगरी_स्पेअर्स, सांगली
१३ ऑगस्ट, दुपारी १:१५

काकांनी सगळं सांगितलंय. मी कुपवाड रोडला स्पेअरच्या दुकानात काउंटरवर असतो, त्यामुळे एका गोष्टीची भर घालतो.

मॅडम, बेल्टाच्या पाठीवर नंबर छापलेला असतो, उदाहरणार्थ ६ पीके आणि पुढे चार आकडे. ६ म्हणजे धारा, पीके म्हणजे धारांचा आकार, पुढचे आकडे म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. तुमच्याकडे तिन्ही बेल्टांचे नंबर असतील तर एकमेकांशी ताडून बघा. आमच्याकडे रोज कुणीतरी येतं, "दहा-पंधरा मिलिमीटरने काय होतंय, द्या" म्हणतं. टेन्शनरला एक ठरावीक जागा असते, तिच्याबाहेर तो ताण नीट देत नाही. नंबर गाडीच्या मॉडेलवरून आणि एसी आहे की नाही त्यावरून ठरतो, जुन्या बेल्टाला दोरी लावून मोजून ठरवायचा नाही, कारण जुना ताणलेला असतो.

तडे दिसत नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, हेही आता खरं नाही. पूर्वीचं रबर तडकायचं. हल्ली जे ईपीडीएम रबर येतं ते तडकत नाही, टायरसारखं झिजतं. धारांमधली खाच खोल आणि निमुळती असली पाहिजे, झिजलेल्या बेल्टात ती रुंद होते आणि बेल्ट पुलीत जास्त खोल बसतो. नवा बेल्ट शेजारी धरला की लगेच कळतं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, म्हणजे गाडीगाडीत फरक किती ते कळेल. माझी छोटी पेट्रोल गाडी. आष्ट्याच्या पुढे दुपारी अडीचला बेल्ट तुटला. माझ्या गाडीत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे आतल्या वेगळ्या बेल्टवर चालतो आणि स्टेअरिंग विजेवर, त्यामुळे तुटलेल्या बेल्टवर फक्त अल्टरनेटर, म्हणजे काका ज्याला डायनामो म्हणतात तो, आणि एसी. एसी, पंखा, गाणी, मोबाइलचं चार्जिंग सगळं बंद केलं आणि काट्यावर नजर ठेवून सांगलीपर्यंत नुसत्या बॅटरीवर आलो. कुठेही इंजिन बंद केलं नाही, कारण परत चालू झालं नसतं. पण तेच रात्री झालं असतं तर आलो नसतो. हेडलाइटचे दोन बल्ब मिळूनच दहा अँपिअरच्या आसपास ओढतात. मॅडमच्या रस्त्याला तर धुक्यात दिवे बंद करायचा प्रश्नच नाही. आणि त्यांचा वॉटर पंप याच बेल्टवर आहे, काटा वर गेला त्यावरून ते नक्की. अशा गाडीने लाल दिवा लागल्यावर अर्धा किलोमीटरही जायचं नाही.

विम्याचं एक. बेल्ट झिजला, त्यामुळे इंजिन तापलं, हेड गेलं, तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही, झिजेचं नुकसान विमा देत नाही. पण रस्त्यावरच्या मदतीचं जोडकलम घेतलं असेल तर गाडी उचलून आणायचा खर्च वाचतो. कागद काढून बघा. पुणे-बंगळूर हायवेवर असाल तर १०३३ हा मदतीचा नंबर लावा, कासच्या रस्त्याला तो उपयोगाचा नाही.

माणदेशी_स्वार
१३ ऑगस्ट, रात्री ९:००

काका, दोरीचं मी मागे घेतो. वडिलांना विचारलं, ते म्हणाले त्या जीपला व्ही पट्टाच होता आणि रस्ता सपाट होता. ताई, एक विचारायचं होतं, बंद पडलेली गाडी दोरीने टोचन करून घाटातून खाली आणता आली असती का?

निवृत्त_फिटर, मिरज
१४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

नाही. मागच्या गाडीला ब्रेक नाही, स्टेअरिंग जड, आणि उतारावर दोरी ताणलेली राहतच नाही. मागची गाडी पुढचीवर जाऊन बसते. उतारावर क्रेनच, किंवा गाडी जिथे आहे तिथे माणूस. बाई गाडी टपरीमागे लावून एसटीने आल्या, त्याहून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

शाळेच्या_बाई, सातारा
१९ ऑगस्ट, रात्री ९:१५

सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद. काय निघालं ते लिहिते, पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल.

शनिवारी सकाळची शाळा करून गाडी एमआयडीसीतल्या एका वयस्कर फिटरकडे नेली. काकांनी लिहिलेलं कागदावर उतरवून घेतलं होतं, तो कागद त्यांना दिला. त्यांनी शांतपणे वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ज्यानं लिहिलंय त्याचा हात कामाचा आहे."

बेल्ट उतरवायच्या आधी त्यांनी पट्टी लावली. क्रँकच्या पुलीपासून टेन्शनरच्या रोलरपर्यंत. माझ्या हातात टॉर्च दिला आणि वाकून बघायला सांगितलं. पट्टी वरच्या बाजूला रोलरला टेकली होती आणि खालच्या बाजूला फट होती, नखाची कड जाईल एवढी. एवढ्याशा तिरकेपणाने दोन हजार किलोमीटरमध्ये बेल्ट कापला. मग त्यांनी टेन्शनर पान्याने ओढून बेल्ट काढला, तर रोलर आपोआप सरळ झाला. फट गेली. काका, तुम्ही लिहिलं होतं तसंच, अगदी तसंच. टेन्शनरचा तो हात धरून वरखाली हलवला तर बुश खुळखुळत होता. नवा बेल्ट फक्त आठ दिवसांचा, पण त्याचीही तीच कड पांढरी पडायला लागली होती.

बाकीच्या पुल्या मी स्वतः फिरवून बघितल्या, त्यांनी सांगितलं "बघा, हाताला कळू द्या." वॉटर पंप गुळगुळीत. डायनामो गुळगुळीत, थोडा जड, कारण मागे तो व्हॅक्यूम पंप आहे. हो, आमच्या गाडीत तो तिथेच आहे. मधल्या रोलरमधून बारीक खरखर येत होती, कानापेक्षा बोटांना जास्त कळत होती. तोही बदलला.

आणि हरवलेला वीतभर तुकडा सापडला. क्रँकच्या पुलीच्या मागे दोरे करदोड्यासारखे वेटोळे घालून बसले होते, काळे, तेलकट. त्यांनी आकड्याने ओढून ओढून काढले. सील अजून कापलं गेलं नव्हतं, पण ओलसर होतं, लक्ष ठेवायला सांगितलंय. दुसऱ्या बेल्टचे होते की पहिल्याचेही, ते कळायला मार्ग नाही.

खर्च असा झाला: टेन्शनर २,६५० रुपये, मधला रोलर ५५०, नवा बेल्ट ९५०, मजुरी ७००. बेल्टचा नंबर तिन्ही वेळचा एकच निघाला, त्यामुळे त्यात चूक नव्हती. गाडी चालू करून बॅटरीवर मीटर लावला, १४.१ व्होल्ट. दिवे, वायपर, पंखा सगळं लावून १३.९. आवाज नाही. आठ दिवसांत कूलंटची खूण हललेली नाही, ऑइल स्वच्छ आहे, धूर नाही.

पहिल्या गॅरेजवाल्यांशीही बोलले. भांडले नाही. उसवलेली कड आणि जुना टेन्शनर दोन्ही घेऊन गेले, टेबलावर ठेवले आणि टेन्शनरचा हात हलवून दाखवला. त्यांनी दुसऱ्या बेल्टचे पैसे परत दिले. ते पोरगं पाऊस अंगावर घेत दुचाकीवरून दोनदा वर आलं होतं, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. त्याला पट्टी लावायला कुणी शिकवलं नव्हतं.

सोमवारी सकाळी निघायच्या आधी मी बोनेट उघडून तिघींना दाखवलं: हा डायनामो, ही त्याच्या पाठीवरची नळी, ही ब्रेकची परात. जिच्या मुलाला उशीर झाला होता ती नळीवरून बोट फिरवत परातीपर्यंत गेली आणि म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी यात काहीच नव्हतं." मग तिनेच ठरवलं की शेजारच्या काकूंना टपरीचा नंबर देऊन ठेवायचा, कारण पेट्रीपाशी रेंज असते आणि पुढे नसते. आता ठरवून आम्ही डिकीत नवा बेल्ट, टेन्शनरच्या मापाचा पाना आणि दोन लाकडी ठोकळे ठेवलेत.

काका, एकच राहिलं. फिटर म्हणाले पाचशे किलोमीटरनंतर एकदा दाखवून जा. बेल्ट स्वतःहून ताण धरतो ना, मग तेव्हा नक्की काय बघायचं असतं?

निवृत्त_फिटर, मिरज
२० ऑगस्ट, सकाळी ६:४०

ताण टेन्शनर धरतो, तो बघायचा नाही. टेन्शनर आणि रोलर ज्या बोल्टांनी बसवलेत ते पुन्हा आवळून बघायचे, बेल्टच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवायचं, इंजिन बंद असताना, आणि त्या ओलसर सीलखाली नवं तेल आलंय का ते कापडाने पुसून बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे. आता बेल्ट एकसारखा काळा दिसला पाहिजे, पांढरी कड नको. आणि त्या फिटरना माझा नमस्कार सांगा.